कपाटामागची खुर्ची

आमच्या वाचनालयात लेखकाला कपाटामागे बसवायची पद्धत आहे. पद्धत मीच पाडली, त्यामुळे तिचं जे काही झालं त्याचं खापर दुसऱ्या कुणावर फोडायची सोय नाही.

वाचनालय कुलुपं-किल्ल्यांच्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर आहे. दोन खोल्या, एक डगमगता जिना, आणि दिवसभर खालून किल्ल्या घासल्याचा आवाज. सभासदांपैकी निम्मे तरी ऐतिहासिक प्रेमकथांचे. प्रवासवर्णनांची पानं अजून करकरीत आहेत, तत्त्वज्ञानाला तर कुणी हातही लावलेला नाही, पण तलवार आणि गुलाब एकाच मुखपृष्ठावर असले की त्या पुस्तकाची शिवण दोन वर्षांत उसवलीच म्हणून समजा. मला पूर्वी याचा राग यायचा. आता मीही तेच वाचते, फक्त नाक मुरडून वाचते.

महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी चार वाजता आम्ही एक कादंबरी घेऊन बसतो. प्रत्येकानं घरून एक चिठ्ठी लिहून आणायची. उभी रेघ मारून दोन रकाने: आवडलं आणि खटकलं. खाली नाव घालायचं नाही. चिठ्ठ्या मी वाचून दाखवते आणि मग लोक एकमेकांवर तुटून पडतात. लेखक गावातलाच असेल तर त्यानं पुस्तकांच्या मोठ्या कपाटामागे खुर्चीवर बसून ऐकायचं. बोलायचं नाही, खाकरायचंसुद्धा नाही. समोर लेखक दिसला की वाचकाच्या तोंडातून साखर गळायला लागते, म्हणून ही व्यवस्था. शेवटी लेखकानं बाहेर यायचं, चहा घ्यायचा आणि एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं. एकाच. दुसरा प्रश्न मिळालेला लेखक दिवेलागणीपर्यंत बोलायचा थांबत नाही, हा माझा अनुभव.

ती खुर्ची जवळजवळ ताईच्याच मालकीची होती. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिच्या सहा कादंबऱ्या झाल्या आणि सहाही वेळा ती कपाटामागे बसली. आम्ही दोघी एकाच घरात राहतो. लग्न दोघींनीही केलं नाही. बाबा अंथरुणाला खिळले होते तोवर आम्ही पाळीपाळीनं त्यांचं केलं, ते गेल्यावर ती कादंबऱ्या छापायला लागली आणि मी तिच्या चुका काढायला लागले. तिचं हस्तलिखित आधी माझ्याकडे यायचं. तिच्या तिसऱ्या कादंबरीत सेनापतीनं कमरेची काडेपेटी काढून मशाल पेटवली होती. काडेपेटी यायला अजून पावणेदोनशे वर्षं होती. पाचवीत राणीच्या महालात भिंतीवरचं घड्याळ टणटण वाजलं. मी लाल पेन्सिलीनं गोल करायची, ती चिडायची, आणि छापताना मुकाट्यानं बदलायची. तरुणपणी जमीन-मोजणीच्या कचेरीत नकला करायचं काम केलंय मी. दुसऱ्याची चूक माझ्या डोळ्यांना आपोआप दिसते.

सातव्या कादंबरीच्या वेळी मात्र माझे डोळेच उपलब्ध नव्हते. एकामागून एक दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी तीन महिने वाचन बंद केलं. ताईनं हस्तलिखित थेट छापखान्यात दिलं. मी म्हटलं, थांब की, काय घाई आहे. तर म्हणाली, तुझ्या डोळ्यांपेक्षा माझी कादंबरी मोठी नाही. रोज सकाळी माझ्या डोळ्यांत औषधाचे थेंब तीच घालत होती. मला भरून आलं होतं, हे मुद्दाम लिहून ठेवते. कथानक काय म्हणून विचारलं, तर म्हणाली, "प्रेम, विरह, लढाई आणि शेवटी क्षमा. नेहमीचंच गं."

नवा चष्मा आला गुरुवारी आणि बैठक होती शनिवारी. दोन दिवसांत साडेचारशे पानं वाचायची माझ्या डोळ्यांची ताकद नव्हती. चिठ्ठ्या मात्र वाचता येणार होत्या.

त्या दिवशी सोळा माणसं आली. नेहमीचे खंदे तिघं पुढच्या बाकावर: इतिहासाचे निवृत्त मास्तर, ज्यांना सनावळीत एक वर्ष इकडचं तिकडे झालं तरी जेवण जात नाही, शिंपीदादा, जे नायिकेच्या बाह्या वाचायला येतात, आणि नर्सबाई, ज्या कुणाच्याही प्रेमाला भुलत नाहीत. ताईनं पाण्याची बाटली घेतली आणि कपाटामागे जाऊन बसली. जाताना तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. तिचा हात गार होता. मला वाटलं, सात कादंबऱ्या झाल्या तरी हिची धाकधूक जात नाही.

सुरुवात झकास झाली. राजकन्या घोड्यावर बसते, रुसून खिडकीत बसत नाही, हे सगळ्यांना आवडलं होतं. शत्रूच्या सरदाराला ऐन चढाईच्या दिवशी सर्दी होते, तेही आवडलं. चांदण्याची सात पानं सलग आल्यामुळे एकानं लिहिलं होतं की मी चार पानांनंतर दिवा लावला. नायकात एकही दोष नाही अशी तक्रार होतीच, ती दर वेळी असते. शिंपीदादांची चिठ्ठी मी अक्षरावरून ओळखली: ज्या अंगरख्याला नऊ बंद आहेत तो नायक एका हातानं, तोही घोड्यावरून, कसा काय काढतो. नर्सबाईंनी लिहिलं होतं की छातीत भाला घुसलेला माणूस चौथ्या दिवशी कुणाला मिठी मारत नाही, मारली तर पाचव्या दिवशी तिरडीवर असतो. सगळे हसले. कपाटामागे ताई ओठ चावत असेल, असं वाटून मलाही हसू आलं.

मग एक तक्रार पुन्हा पुन्हा यायला लागली. नायकाचं पत्र राजकन्येची सखी लपवते, हे जुनाट आहे. पत्र हरवणं, पत्र लपवणं, पत्र चुकीच्या हाती पडणं, किती दिवस चालवणार. पाच चिठ्ठ्यांत हेच होतं. एकानं तर लिहिलं होतं की खऱ्या आयुष्यात असं होत नाही, माणूस दुसरं पत्र लिहितो.

त्यानंतरची चिठ्ठी मास्तरांची. "पत्राचा कागद बारीक चौकोनी रेघांचा होता, असं लिहिलंय. तीनशे वर्षांपूर्वी? ग्रंथपालबाई झोपल्या होत्या काय?"

पुन्हा हशा. डोळ्यांना पट्टी होती हो माझ्या, असं म्हणून मीही हसले. पण हसता हसता काहीतरी खुपलं. चौकोनी रेघांच्या कागदावर लिहिणारा जगात मला एकच माणूस माहीत होता.

तो मोजणीच्या कचेरीत नकाशे काढायचा. मी त्याच्या नकाशांच्या नकला करायची आणि त्यातल्या चुका त्याला दाखवायची. तीन वर्षं आमची टेबलं समोरासमोर होती. घरी ताईखेरीज कुणाला माहीत नव्हतं. मग त्याची बदली लांबच्या बंदराच्या गावी झाली. जागा मिळाली की पत्र घालतो, मग तू ये, असं सांगून तो गेला. पत्र आलं नाही. मी दोन पत्रं कचेरीच्या पत्त्यावर घातली, त्यांनाही उत्तर नाही. तेव्हा ती टपालात टाकायला ताईच घेऊन गेली होती, कारण मला बाबांजवळून उठता येत नव्हतं. दीड वर्षानं कळलं की त्यानं लग्न केलं. तो कच्च्या मनाचा निघाला असा मी निकाल लावला आणि एकतीस वर्षं त्या निकालावर जगले.

तरीही मी मनाला म्हटलं, ताईनं त्याचे कागद पाहिले असतील कधीतरी. माझ्या वहीत असायचे एकदोन. डोक्यात राहिलं असेल, लिहिताना उतरलं असेल. मी पुढची चिठ्ठी उघडली.

"सगळ्यात जास्त आवडलं: तो तिला लाडानं 'पंचाईत' म्हणतो."

पुढच्या चिठ्ठीतही तेच होतं. त्याच्या पुढच्याही. राणीसरकार, प्राणसखे असलं काही न म्हणता पंचाईत म्हणतो, किती खरं वाटतं, असं कुणीसं म्हणालं. नर्सबाईसुद्धा म्हणाल्या की तेवढं मात्र गोड आहे.

 मी त्याच्या नकाशातली चूक दाखवली की तो पेन्सिल ठेवून म्हणायचा, आली माझी पंचाईत. हळू आवाजात, कुणी नसताना. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. ताईलाही नाही. तेवढं एकच मी माझ्यापुरतं ठेवलं होतं. ते तिला कळायला एकच वाट होती, त्याच्या हातचं लिहिलेलं वाचायची.

 मी चष्मा काढून पुसला आणि शिंपीदादांना म्हटलं की माझ्या डोळ्यांना पाणी येतंय, ते पत्राचं पान तुम्हीच वाचा, म्हणजे वाद नीट घालता येईल. शिंपीदादांनी पान शोधलं. कापडाचं माप सांगावं तशा सपाट आवाजात त्यांनी वाचायला सुरुवात केली.

"पंचाईतीस. पोहोचलो. जागा मिळाली. उशीर झाला म्हणून तू रागावली असशील. रागावलीस की तू खालचा ओठ आत घेतेस, तो बघायला मी नाही, हा माझा सगळ्यात मोठा तोटा. महिनाअखेरीस मी तीन दिवस धक्क्यावर येऊन उभा राहीन. आलीस तर पुढचं सगळं दोघं मिळून. नाही आलीस तर तुझ्या मनात नाही असं समजेन आणि पुन्हा त्रास देणार नाही."

माझा खालचा ओठ आत होता. मी तो सोडला. एकतीस वर्षांनी मला माझं पत्र मिळालं होतं, शिंपीदादांच्या तोंडून, सोळा माणसांत, छापलेलं, आणि मुखपृष्ठावर घोडा.

शिंपीदादा पुस्तक मिटत म्हणाले की सुरेख आहे, पण धक्क्यावर कशाला? किल्ला डोंगरात, समुद्राचा पत्ता नाही आणि हा धक्क्यावर उभा. मास्तरांनी ही चूक आपल्या नजरेतून सुटलीच कशी म्हणून कपाळाला हात लावला. मी असते तर त्या धक्क्याभोवती लाल गोल केला असता. म्हणूनच मी नको होते. माझ्या डोळ्यांत औषध घालता घालता हिनं माझ्याच डोळ्यांत धूळ फेकली होती. 

वाद आता शेवटाकडे आला. चिठ्ठ्यांवरून कळलं, की आधी लपवलेलं आणि मग दिव्यावर जाळलेलं ते पत्र शेवटी सखी शब्दन् शब्द म्हणून दाखवत कबुली देते आणि राजकन्या तिला मिठीत घेते. बऱ्याच जणांना ते आवडलं होतं. सखीनं प्रेमापोटी केलं, एकटी पडायला घाबरली बिचारी, इतक्या वर्षांनंतर कशाला धरून बसायचं, असा एकंदर सूर होता. एका चिठ्ठीत होतं की मी रडले. मला सगळं दिसत होतं आता. ताईनं मला विचारलं नव्हतं. तिनं आधी वाचकांना विचारलं होतं, माफी मिळेल का म्हणून, आणि कपाटामागे बसून निकाल ऐकत होती. चिठ्ठ्या माझ्याकडून वाचून घेत होती. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

नर्सबाई तेवढ्या बधल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "पत्र लपवणं एका दिवसाचं काम आहे. घाबरून होतं माणसाकडून. पण ही बाई त्यानंतर तीस वर्षं तिच्यासमोर बसून जेवली. त्या प्रत्येक जेवणाची माफी कोण देणार?"

कपाटामागे खुर्ची करकरली. सात कादंबऱ्यांत पहिल्यांदा.

मी लेखिकेला बाहेर यायला सांगितलं. टाळ्या झाल्या. ताई आली आणि माझ्याकडे न बघता मास्तरांकडे बघून हसली. प्रश्न कोणता विचारायचा हे मी ठरवते, तोही माझाच नियम. सगळे वाट बघत होते. मला विचारायचं होतं, का. मला विचारायचं होतं, माझी दोन पत्रं टाकलीस का. पण प्रश्न एकच होता आणि तो पुस्तकातलाच असायला हवा होता.

"सखी ते पत्र दिव्यावर धरून जाळते असं लिहिलंय," मी म्हटलं. "पण शेवटी कबुली देताना तिला ते शब्दन् शब्द पाठ आहे. खरंच जाळलं होतं का तिनं?"

ताईनं आता माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता, आणि तरी त्यावर थोडी सुटका होती. तेच मला सगळ्यात जास्त झोंबलं.

"नाही," ती म्हणाली. "ठेवलं."

"कुठं?"

शिंपीदादा हसून म्हणाले की बाई, एकच प्रश्न, नियम तुमचाच. लोक हसले आणि चहाकडे वळले.

सगळे जाईपर्यंत आम्ही दोघी लोकांशी छान बोललो. त्यात आमचा हात कुणी धरणार नाही. शेवटचा माणूस जिना उतरल्यावर मी कप गोळा केले. ताईनं तिच्या पिशवीतून एक लिफाफा काढला आणि टेबलावर ठेवला. म्हणजे घरून निघतानाच तिनं तो बरोबर घेतला होता. मग ती बोलत सुटली. पत्र पोस्टमननं तिच्या हातात दिलं, त्या आठवड्यात बाबांची तब्येत फार बिघडली होती, तिनं विचार केला की आठवडाभर ठेवू, बाबांना जरा उतार पडला की देऊ. आठवड्यात महिनाअखेर उलटली. मग द्यायला तोंड राहिलं नाही. माझी दोन पत्रंही तिनं टाकली नव्हती. तू गेली असतीस तर बाबांचं मी एकटीनं काय केलं असतं, असं ती तीनदा म्हणाली. गेल्या वर्षी तिला दुखणं आलं तेव्हा ठरवलं म्हणे, की हे पोटात ठेवून मरायचं नाही. तोंडानं सांगायचा धीर होईना, म्हणून लिहिलं.

मी लिफाफा उघडला. बारीक चौकोनी रेघांचा कागद, कडा पिवळ्या पडलेल्या, घड्यांवर फाटत आलेला. शिंपीदादांनी वाचलं ते सगळं होतं, धक्क्यासकट. तिनं एक शब्द बदलला नव्हता. पण पत्र तिथं संपत नव्हतं. मागच्या पानावर नकाशा होता. तळमजल्यावरच्या चार खोल्या, भिंतीची जाडीसुद्धा मोजून काढलेली, दारं कुठे उघडतात ते कमानीनं दाखवलेलं. एका खोलीत त्यानं लिहिलं होतं: बाबा, पायऱ्या नाहीत. तिच्या शेजारच्या लहान खोलीत खिडकीला लागून एक टेबल काढलं होतं आणि त्यावर बारीक अक्षरात: ताई, लिहायला.

तेव्हा ताईनं एक ओळही छापलेली नव्हती. ती लिहिते हे त्याला मी सांगितलं होतं, अभिमानानं.

 खाली दुकानदारानं शटर ओढलं.

"हे कादंबरीत नाही," मी म्हटलं.

ताई कपबशीची कड बोटानं पुसत होती. ती म्हणाली, "हे घातलं असतं तर सखीला कुणी माफ केलं नसतं."

मी कागद घडी घालून माझ्या पर्समध्ये ठेवला. मग टेबलाच्या खणातून एक कोरी चिठ्ठी घेतली, मधे उभी रेघ मारली आणि उभ्यानंच लिहिली. आवडलं: चौकोनी रेघांचा कागद. खटकलं: शेवट. नायिका माफ करते, ते पटत नाही.

चिठ्ठीखाली नाव घालायची आमच्याकडे पद्धत नाही. मी घातलं. पंचाईत अशी सही करून चिठ्ठी तिच्या कपाखाली सरकवली, वाचनालयाच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि जिना उतरले.